तोफखान्याच्या कागदांतील ‘दारू’

अक्कलकोट येथील भोसले घराण्याचें शस्त्रागार पाहतांना आपलें लक्ष हत्यारांवर खिळतें. तीं चालविणाऱ्या चाकरांकडे वळत नाहीं. शाहू महाराजांनीं १७०७ सालीं पारदच्या लोखंडे पाटलांच्या मुलास आश्रय देऊन त्याचें नांव फत्तेसिंह ठेविलें, तोच या घराण्याचा मूळ पुरुष. अशा लष्करी घराण्यांच्या कागदांत ‘दारू’ हा शब्द वारंवार येतो, म्हणून त्याचा येथें विचार करूं.

या शब्दाचा फारशींतील मूळ अर्थ औषध. मराठींत त्यास बंदुकीची दारू व मद्य असे दोन अर्थ आले. दारूखाना म्हणजे तोफेच्या दारूचें कोठार, कलालाची भट्टी नव्हे. जवळ सोरा, गंधक, कोळसा यांची नोंद असल्यास पहिला अर्थ निश्चित होतो. मोहाचीं फुलें किंवा गूळ असल्यास दुसरा संभवतो.

मात्र गोलंदाजाच्या ठिकाणीं हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशांवरून दाखविलें आहे कीं, ब्राह्मण, प्रभु व सरकारी अंमलदार यांस मद्यपानाची मनाई होती. कोळी, भंडारी आदिकरून लोकांस मोकळीक होती. पेशव्यांच्या चाकरींतील ख्रिस्ती गोलंदाजांस तर स्वतःपुरतें मद्य काढण्याची परवानगी होती. तें इतरांस विकूं नये, एवढीच अट.

म्हणजे ज्याच्या हातीं लेखणी, त्यास घरींही बंदी; आणि ज्याच्या हातीं पेटती बत्ती, त्यास सूट! यावरून आमचें मत असें कीं, या बंदीचा हेतु कामाची सुरक्षितता हा नसून जातीचा आचार व हुद्द्याची अब्रू हा होता. गोलंदाजाचें कसब सरकारास हवें होतें, म्हणून त्याची संवय सोसली गेली. इंग्रजांच्या आरमारांत तर रमचा रोजचा शिधा सरकारच देई. तो १९७० सालीं बंद झाला. उलट महाराष्ट्राच्या १९७९ च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांत जात पाहिली जात नाहीं. कामावर असतांना नशेंत असूं नये, हा दंडक सर्व चाकरांस सारखाच आहे.

मनाई ज्यांस होती तेच दफ्तर लिहीत. मोकळीक ज्यांस होती त्यांची बाजू त्यांत क्वचितच उतरे. ती हजेरीपटांत, पगाराच्या यादींत व किरकोळ खर्चाच्या फर्दांतच शोधावी लागते. यास्तव सनदा जपून असले कागद रद्दींत घालूं नयेत, अशी संग्राहकांस आमची आग्रहाची विनंती आहे.