आंधळा तांबेरा पानाचं दार कसं शोधतो?



आमच्याकडं जुनी माणसं म्हणायची, "धुई पडली, आता तांबेरा येणार." मला वाटायचं धुईच तांबेरा घेऊन येते. चार दिवस गेले, आठ दिवस गेले की घेवड्याचं पान उलटं करून बघायचं. खाली तांबूस पुरळ, बोटाला विटकरी भुकटी. मग पळापळ, पंप, औषध. तरी पीक हातचं जायचंच. आपला उशीर नेमका कुठं होतो, हे मला या रोगाचा इतिहास वाचताना कळलं. तोच आज लिहितोय.

ती विटकरी भुकटी म्हणजे तांबेऱ्याचे बीजाणू. पानावर पडलेल्या बीजाणूला ओल मिळाली की त्यातून बारीक नळी फुटते. घेवड्याच्या किंवा गव्हाच्या तांबेऱ्याची ही नळी पानाची कातडी फोडू शकत नाही. तिला पर्णरंध्रच लागतं, म्हणजे पान जिथून श्वास घेतं ते भोक. शिदोरी फक्त बीजाणूत असते तेवढीच. ती संपायच्या आत दार सापडलं तर ठीक, नाहीतर नळी मेली. १८८० च्या सुमारास श्रीलंकेत कॉफीचे मळे तांबेऱ्यानं उजाड होत होते. तिथं मार्शल वॉर्ड यांनी दाखवलं की बुरशी पर्णरंध्रातूनच आत शिरते. पण डोळे नसलेली नळी ते भोक शोधते कशी?

पहिला धागा १९३४ साली कॅनडात सापडला. जॉन्सन यांनी गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याची नळी निरखली. ती पानाच्या लांबीनं न जाता शिरांना आडवी वाढत होती. आता आपल्या सरीचा विचार करा. एकाच सरीतून चालत राहिलात तर दुसरी सरी लागणारच नाही. आडवं निघालात तर प्रत्येक सरी ओलांडावी लागते. गव्हाच्या पानावर पर्णरंध्रं लांबीनं ओळीत असतात, म्हणजे आडव्या चालणाऱ्या नळीला ओळ लागणारच.

मग १९४९ साली इंग्लंडमध्ये डिकिन्सन यांनी पान बाजूलाच ठेवलं. त्यांनी तांबेऱ्याच्या नळ्या कृत्रिम पापुद्र्यांवर वाढवल्या. तिथंही नळ्या पानावर असल्यासारख्या वागल्या. म्हणजे त्यांना पानाच्या रसाचा वास लागत नव्हता, खालचा पृष्ठभाग कळत होता.

१९७६ साली विन यांनी घेवड्याच्या पानाचा प्लॅस्टिकमध्ये ठसा घेतला. रस नाही, जीव नाही, नुसता आकार. तरी नळी ठशातल्या पर्णरंध्रापाशी आली, थांबली, तिचं टोक फुगलं आणि तिथं घट्ट चिकटली. आत घुसायची तयारी ती अशीच करते. नळी फसली होती.

आता आकारातलं नेमकं काय तिला कळतं, एवढंच उरलं. १९८७ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे हॉक, स्टेपल्स आणि त्यांचे सहकारी यांनी तेही मोजलं. मोबाईलमधल्या चिप ज्या तंत्रानं बनतात, त्याच तंत्रानं सिलिकॉनच्या चकतीवर ठरावीक उंचीचे बारीक बांध केले आणि त्यांचे प्लॅस्टिकमध्ये ठसे घेतले. अर्ध्या मायक्रॉनच्या बांधावर नळीनं टोक फुगवलं. पाव मायक्रॉनपेक्षा बुटका किंवा एक मायक्रॉनपेक्षा उंच बांध तिला चालला नाही. घेवड्याच्या पर्णरंध्राच्या ओठाची उंची जवळपास अर्धा मायक्रॉनच असते! एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि हे त्याचंही निम्मं. पुढं १९९१ साली याच बुरशीच्या पेशीपटलात ताण पडला की उघडणाऱ्या सूक्ष्म वाटा सापडल्या. स्पर्श आत पोचतो कसा, याचा तो पुरावा मानला जातो.

याची उलट बाजूही १९९६ साली पुढं आली. दक्षिण अमेरिकेतल्या एका रानटी बार्लीच्या काही वाणांत पर्णरंध्रावर मेणाचा थर असतो. बार्लीच्या तांबेऱ्याची नळी वरून जाते, पण बऱ्याचदा तिला दार जाणवतच नाही. रोगाशी न लढता त्याला चकवणारं पीक!

आता आपल्या शेताकडं येऊ. हा सगळा शोधाशोधीचा खेळ ओल्या पानावर, एका रात्रीतल्या काही तासांत उरकतो. पुरळ आपल्याला दिसतो साधारण आठवड्या-दहा दिवसांनी. मँकोझेबसारखं स्पर्शजन्य औषध पानाच्या वरच काम करतं, नळी आत गेल्यावर त्याचा हात तिथं पोचत नाही. मी वर्षानुवर्षं पुरळ दिसल्यावर तेच फवारत होतो, तेही फक्त पानाच्या वरून. घेवड्याची पर्णरंध्रं खालच्या बाजूला जास्त असतात, म्हणून नोझल खालून वर धरा. तुषार सिंचन संध्याकाळी नको, पान रात्रभर ओलं राहतं. सलग धुईचे दिवस दिसले तर पुरळाची वाट बघू नका.

एक सावधगिरी मात्र घ्या. सांगली-कोल्हापूरकडचा सोयाबीनचा तांबेरा वेगळा आहे. तो पर्णरंध्राची वाट न बघता थेट कातडी भेदतो. तिथं दार शोधायचा प्रश्नच नसतो, त्यामुळं वाण निवडताना आधीच जपा.

म्हातारी माणसं चुकत नव्हती. धुई तांबेरा आणत नाही, पण चाचपडायला लागणारी ओल तीच पुरवते. तेव्हा उद्या पहाटे धुई पडली तर रानात जाऊन पान उलटून बघा. काही दिसणार नाही, पण वेळ तीच आहे.