यंत्रसेवक आणि घराचा आडपडदा

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातून जगभर पसरला. शब्द सुचविला तो त्याचा बंधू योसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे कुळाने जमीनदाराकडे सक्तीने करावयाचे काम. आपल्याकडील ‘वेठ’ या शब्दाशी त्याचा अर्थ पुष्कळसा जुळतो. मराठीत रूढ झालेल्या ‘यंत्रमानव’ या प्रतिशब्दात मात्र ही वेठ लोपली आहे.

घरकामाचा रोबोट प्रत्यक्ष घरोघरी शिरला तो झाडलोट करणारा म्हणून. अमेरिकेतील आयरोबॉट कंपनीचा ‘रूम्बा’ २००२ मध्ये बाजारात आला, तेव्हा तो जवळजवळ आंधळाच होता. धडकावे, वळावे आणि पुन्हा चालू लागावे, एवढीच त्याची विद्या. २०१५ च्या नमुन्यात कॅमेरा आला व यंत्र घराचा नकाशा बनवू लागले. २०२१ च्या ‘जे७’ला वाटेतील वायर किंवा पाळीव प्राण्याची घाण ओळखून टाळता येऊ लागली. ज्या वृद्धास वाकणे होत नाही त्याला याचे मोल किती, हे सांगावयास नको.

परंतु ही ओळख यंत्रास उपजत नसते. असंख्य छायाचित्रांतील वस्तूंना माणसांनी एकेक करून नावे द्यावी, तेव्हा कोठे ते शिकते. २०२० मध्ये चाचणीच्या यंत्रांनी टिपलेली काही चित्रे, त्यांत शौचकूपावर बसलेल्या एका स्त्रीचेही, असे काम करणाऱ्या व्हेनेझुएलातील कामगारांनी समाजमाध्यमांवरील बंदिस्त गटांत टाकली. ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने डिसेंबर २०२२ मध्ये हे उजेडात आणले. यंत्रे विक्रीची नव्हती, त्यांवर चित्रणाची सूचना चिकटविलेली होती आणि वापरणाऱ्यांनी लेखी संमती दिली होती, असे कंपनीचे म्हणणे. ते मान्य केले तरी संमती यंत्राने पाहण्यास होती की परदेशातील अनोळखी माणसाने पाहण्यास, हा प्रश्न उरतोच.

घरगडीही सारे पाहत असे. तथापि त्याचे पाहणे त्याच्या स्मृतीपुरते आणि फार तर जिभेपुरते. शिवाय मालक त्याला ओळखत असे. यंत्राचे पाहणे साठते, हातोहात जाते, आणि ज्याच्या हाती जाते तो घरमालकास कधीच दिसत नाही. गडी घरातून गेला असे वाटते. वस्तुतः तो दूर जाऊन बसला आहे, तुटपुंज्या मजुरीवर.

ऑक्टोबर २०२५ मध्ये वन-एक्स कंपनीने ‘निओ’ या मनुष्याकृती गृहसेवकाची नोंदणी वीस हजार डॉलर किमतीस सुरू केली. त्यास जे काम जमत नाही ते कंपनीचा माणूस, मालकाच्या परवानगीने, दुरून त्याच्याच डोळ्यांनी पाहून करतो.