जव्हार : मुंबईच्या पाठीशी असलेले डोंगरी राज्य

डोंगरी राज्य म्हटले म्हणजे सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढे स्वित्झर्लंड किंवा अमेरिकेतील कोलोराडो ही नावे उभी राहतात. परंतु परंपरेप्रमाणे सहाशे वर्षे नांदलेले एक डोंगरी राज्य मुंबईच्या अगदी पाठीशी होते, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. ते राज्य म्हणजे जव्हार. नवी मुंबईतील बोनकोडे गावाहून सकाळी निघालेला प्रवासी ठाणे, भिवंडी, वाडा व विक्रमगड या वाटेने त्याच दिवशी तेथे पोहोचतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा निघेपर्यंत खाडीकाठचे बोनकोडे व डोंगरावरील जव्हार ही एकाच ठाणे जिल्ह्यातील गावे होती.

या संस्थानाचा विस्तार ३१० चौरस मैल होता व १९०१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ४७,५३८ भरली. कोकणची सपाटी व सह्याद्रीचा कडा यांच्या दरम्यान उंचावलेले हे पठार आहे. सूर्या, पिंजाळ, वाघ, देहर्जा या नद्यांनी ते खोल दऱ्यांत चिरून टाकले आहे. पावसाळ्यात येथे मुसळधार वृष्टी होते. परंतु उतार उभे व माती पातळ असल्यामुळे पाणी दऱ्यांतून वाहून जाते, आणि चैत्र-वैशाखात त्याच पाड्यांवरील स्त्रियांना हंड्याभर पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते. नागली व वरई ही येथली मुख्य पिके. जव्हारचा सारा इतिहास या भूगोलातून निघाला आहे.

राज्याच्या स्थापनेविषयी एक आख्यायिका सांगतात. पूर्वी हा मुलूख एका वारली नायकाच्या ताब्यात होता. थळ घाटाजवळील मुकणे गावच्या जयबा नावाच्या महादेव कोळी पुरुषाने त्याच्याकडे बैलाच्या कातड्याने वेढली जाईल एवढीच जमीन मागितली. नायकाने हसून होकार दिला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या व त्या जोडून मोठा प्रदेश वेढला! हीच कथा भूमध्यसमुद्राकाठच्या कार्थेज नगरीची राणी डायडो हिच्याविषयीही प्रसिद्ध आहे. तेव्हा इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाही. तथापि जमिनीचा पहिला धनी वारली होता व ती त्याच्या हातून गेली, एवढी आठवण त्या कथेने जतन केली आहे.

जयबाचा पुत्र नेमशहा यास दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. ५ जून १३४३ हा त्या मान्यतेचा दिवस मानला जातो, आणि त्या दिवसापासून संस्थानाने आपला स्वतंत्र शकच चालविला होता. बावीस किल्ले व नऊ लक्षांचा वसूल असा त्या काळचा पसारा सांगितला जातो.

पुढे या राज्याचा छत्रपती शिवाजी महाराजांशी संबंध आला. सुरतेच्या पहिल्या स्वारीस जाताना, १६६३ च्या अखेरीस, महाराज या वाटेने गेले. राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत केले व मस्तकी शिरपेच चढविला, अशी परंपरा आहे. तो माळ आजही शिरपामाळ या नावाने दाखविला जातो. पण हे सख्य टिकले नाही. उत्तर कोकणातून सुरतेकडे जाणारी वाट स्वराज्यास हवी होती, आणि १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले. पुढे पेशवाईत एकेक महाल गळत गेला व १७८२ च्या सुमारास राजाकडे वर्षाला पंधरा-वीस हजार रुपयांच्या उत्पन्नाचा मुलूख तेवढा उरला. सुपीक किनारा गेला आणि डोंगर राहिला. ज्या भूमीतून फौजेचा खर्चही निघावयाचा नाही, ती कायमची राखण्याची कोणास गरज वाटली नाही. म्हणजे दारिद्र्यच जव्हारचा तट ठरला!

इंग्रजी अमदानीत संस्थान टिकले. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात कामगिरी केली. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे १९६२ व १९६७ च्या निवडणुकांत त्याच राजांना लोकांनी लोकसभेवर पाठविले.

आज प्रवासी येथे येतो तो थंड हवेसाठी. टेकडीवरील जयविलास राजवाडा, भूपतगड, सुमारे तीनशे फुटांवरून कोसळणारा दाभोसा धबधबा, सूर्यास्ताच्या वेळी जांभळी होत जाणारी दरी, ही स्थळे खरोखर प्रेक्षणीय आहेत. परंतु राजवाड्याइतक्याच पाहण्याजोग्या गोष्टी पाड्यांवर आहेत. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठीने काढलेली वारली चित्रे, तारप्याच्या सुरावर फेर धरणारा नाच, आणि देवदेवतांचे मुखवटे चढवून नाचविला जाणारा बोहाडा, ही या डोंगराची खरी दौलत होय.

ती पाहताना एक गोष्ट विसरता कामा नये. १९९२-९३ साली याच जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने अनेक बालके दगावली आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. ज्या दुर्गमतेने राजांचे सिंहासन वाचविले, तिनेच वैद्य, धान्य व रस्ता यांना पाड्यापासून दूर ठेवले. डोंगराने राज्य राखले. रयतेस राखण्याचे काम मात्र डोंगराचे नव्हते, ते राज्यकर्त्यांचे होते. पिढ्यान्पिढ्या वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य करणारा कायदा २००६ साली झाला. कातड्याच्या वाद्यांनी गेलेली म्हणून जी जमीन कथेत सांगितली जाते, तिच्यावर वारल्याचे नाव कागदोपत्री चढविण्याची वाट त्याने उघडली. त्या वाटेने किती कुटुंबे पुढे जातात, यावरच जव्हारच्या पुढील इतिहासाची किंमत ठरेल.