एअर डॅम (मोटारगाडी)

एअर डॅम म्हणजे मोटारगाडीच्या पुढील बंपरच्या खालच्या कडेला बसवलेली आडवी पट्टी होय. चाके, अ‍ॅक्सल व सायलेन्सर यांमुळे खडबडीत असलेल्या तळाखाली शिरणारी हवा ती कमी करते. परिणामी वायुरोध व पुढील चाकांवरील उचल घटू शकते. वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरऐवजी १०० वेगाला तो सुमारे चौपट असतो. म्हणून अणदूरवरून जाणाऱ्या सोलापूर–हैदराबाद महामार्गासारख्या रस्त्यावर पट्टीचा उपयोग होतो, गावातील संथ वाहतुकीत तो नगण्य असतो. पट्टी प्रमाणाबाहेर खाली आणल्यास तिचाच रोध वाढतो आणि ती गतिरोधकावर आदळते. त्यामुळे तिची खालची कड अनेकदा लवचीक रबराची ठेवतात. रेडिएटर व ब्रेककडे जाणारी हवा अडणार नाही, हेही पाहावे लागते.