कापसाच्या गावाला आलेले पाहुणे

१/
यवतमाळ जिल्ह्यातील कापूस पिकविणारे एखादे लहान गाव वरवर पाहता इतर गावांसारखेच असते. काळी जमीन, मारुतीचे देऊळ, ग्रामपंचायतीची इमारत, क्वचित एखादी ढासळलेली गढी. परंतु गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत अशा गावांना मोजणीदार आले, कापूस आयुक्त आले, पत्रकार आले, राष्ट्रीय नेतेही आले. प्रत्येक पाहुण्याने गावाविषयी काही ना काही लिहून नेले. त्या नोंदींनी गावाचे काय केले, याचा हा इतिहास.

२/
आरंभ १८५३ चा. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. १८६४ मध्ये यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके वेगळे काढून नवा जिल्हा करण्यात आला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला. १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका त्यास जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

३/
नव्या राजवटीचा गावात आलेला पहिला महत्त्वाचा पाहुणा म्हणजे मोजणीदार. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी घडविलेली रयतवारी मोजणीची पद्धत १८६० च्या दशकात वऱ्हाडात लागू झाली. मोजणीदाराच्या हाती ३३ फुटांची साखळी असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशा चौरसाला एक गुंठा म्हणत आणि ४० गुंठ्यांचा एक एकर होई. आज खरेदीखतात जो गुंठा लिहिला जातो, तो हाच.

४/
मोजणीनंतर जमिनीची प्रत ठरे. माती किती खोल आहे, तिचा रंग काय, तिच्यात चुनखडी वा वाळू किती, पाणी साचते की वाहून जाते, हे पाहून तिला आण्यांत किंमत दिली जाई. बांधावर दगड रोवले जात, शेताला सर्व्हे नंबर मिळे आणि ३० वर्षांसाठी सारा निश्चित होई. पूर्वीच्या मक्तेदारांच्या मनमानी वसुलीच्या तुलनेत ही निश्चिती शेतकऱ्याला दिलासा देणारी होती, हे नाकारता येत नाही.

५/
मात्र त्याच कागदाने आणखी एक गोष्ट केली. खातेदाराचे नाव लागलेली जमीन आता विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. सारा रोख द्यावयाचा होता आणि ठरलेल्या मुदतीत द्यावयाचा होता. पीक हाती येण्यापूर्वी रोख रक्कम मिळण्याचे ठिकाण एकच, ते म्हणजे सावकाराची पेढी. पूर्वी सावकार पिकावर नजर ठेवून कर्ज देई. आता त्याची नजर थेट सर्व्हे नंबरावर स्थिरावली.

६/
ज्यांचे जगणे साखळीने मोजता येत नव्हते, ते नोंदीच्या काठावर राहिले. केळापूर, वणी या भागांतील कोलामांचे पोड आणि गोंडांच्या वस्त्या डोंगरउतारावर, जंगलाच्या आधाराने जगत. एका जागी काही वर्षे पेरून ती पडीक सोडण्याची रीत नव्या व्यवस्थेत बसेना. जंगले सरकारी झाली, चराईला पास लागला. गावकऱ्यांच्या लेखी जी सामाईक जमीन होती, तिलाही शासकीय वर्ग मिळाले. विदर्भात गायरानाला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात, हा त्याच वर्गवारीचा अवशेष.

७/
दुसरा पाहुणा आला तो कापसासाठी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. इंग्लंडची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव चढले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. पण तोवर लिव्हरपूलच्या बाजाराशी वऱ्हाडातील शिवाराची गाठ पडली होती, ती सुटली नाही.

८/
१८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा कापूस आयुक्त नेमला गेला. लागवड, बियाणे, बाजार, वाहतूक यांची पाहणी करून तो सविस्तर अहवाल लिहीत असे. रेल्वेचे फाटे झाले तर विलायती कापड स्वस्तात येथे पोहोचेल, स्थानिक सूतकताई मागे पडेल आणि येथे वापरला जाणारा कापूसही निर्यातीला मोकळा होईल, असा त्याचा हिशेब होता. गावातील चरखा या अहवालात निर्यातीच्या आड येणारी गोष्ट ठरला.

९/
प्रत्यक्ष शेतात काय पेरले गेले, याची कथा वेगळीच आहे. वऱ्हाडात कापसाचे दोन प्रमुख प्रकार होते. ‘बणी’चा धागा लांब आणि तलम, तर ‘जरी’चा आखूड आणि जाडाभरडा. गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून अधिकारी बणीचा आग्रह धरीत. शेतकरी मात्र जरीकडे वळले. जरी काटक होती आणि तिच्यातून सरकीच्या मानाने रुई अधिक निघे. बाजारात उत्तम धाग्याला पुरेसा जादा भाव मिळत नसेल, तर हीच निवड शहाणपणाची होती.

१०/
कापूस बाहेर नेणारे लोक होते बंजारे. रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे आणि परतीच्या वाटेवर मीठ व धान्य येई. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. काही दशकांत लमाणांचे तांडे चालायचे थांबले. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील अनेक वस्त्यांच्या नावापुढे आज ‘तांडा’ हा शब्द आहे. चालणाऱ्या लोकांच्या मुक्कामाला गाव म्हणण्याची ही खूण.

११/
मुख्य लोहमार्ग यवतमाळला टाळून गेला. शहराला सोयीचे स्थानक होते धामणगाव. ही उणीव भरून काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अडीच फूट रुंदीची अरुंद रेल्वे आणली. लोकांच्या तोंडी तीच पुढे ‘शकुंतला’ झाली. तिचा हेतू उघड होता. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाठी मुख्य मार्गापर्यंत आणि तेथून मुंबईला पोहोचविणे.

१२/
बाजारालाही नियम आले. १८८६ मध्ये कारंजा येथील कापूस बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियंत्रित झाला. तो देशातील पहिला नियंत्रित शेतमाल बाजार मानला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदाही झाला. आजच्या बाजार समित्यांची वंशावळ येथवर जाते. गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी दरात मिळावा, ही त्यामागील मोठी प्रेरणा होती. शेतकऱ्याच्या हिताचा विचार या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी पुष्कळ नंतर आला.

१३/
कापूस वाढला तशी घरच्या धान्याची शाश्वती घटली. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये वऱ्हाडात दुष्काळ पडला. ज्या शेतात एकेकाळी केवळ खाण्यापुरती ज्वारी होती, त्या शेताचा मालक आता धान्य विकत घेणारा गिऱ्हाईक बनला होता. पाऊस हुकला की कापूस जाई, कापूस गेला की रोकड जाई, आणि महागलेले धान्य घेण्याची ऐपत त्याच वेळी संपे. शेतमजुराची अवस्था तर त्याहून बिकट होती.

१४/
गावाने नोंदींना उत्तर दिल्याचे प्रसंगही आहेत. १० जुलै १९३० रोजी वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ सरकारी जंगलातील गवत विनापरवाना कापून कायदा मोडला. समुद्र नसलेल्या प्रदेशात मिठाचा सत्याग्रह कसा करणार, या प्रश्नाला वऱ्हाडाने दिलेले हे उत्तर होते. जंगल सत्याग्रहाला ग्रामीण माणूस मोठ्या संख्येने आला, कारण गवत, सरपण आणि चराई हा त्याच्या रोजच्या जगण्याचा प्रश्न होता.

१५/
स्वातंत्र्यानंतर सत्ता खेड्यातून आलेल्या माणसांच्या हाती आली. पुसद तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी बंजारा समाजात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यात कापसाचा खरेदीदार एकच, शासन. खासगी व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडविण्याचा हा मोठा प्रयोग होता.

१६/
आरंभी या योजनेने आधार दिला. कालांतराने चुकारे रखडू लागले, प्रतवारीवरून तक्रारी वाढल्या, आणि बाहेर जादा भाव असतानाही कापूस राज्याबाहेर नेण्यास बंदी राहिली. १९८० च्या दशकात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नेमका हाच मुद्दा पुढे आणला. उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव का मिळत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. सरकारी दप्तरात कापसाचे क्षेत्र, उतारा आणि गाठी यांच्या नोंदी होत्या. तोट्याची नोंद ठेवणारा रकाना नव्हता.

१७/
१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. ही महाराष्ट्रातील पहिली जाहीरपणे नोंदली गेलेली शेतकरी आत्महत्या मानली जाते. ते गावाचे सरपंच राहिलेले, भजन-गायनाची आवड असलेले गृहस्थ होते. आपत्ती केवळ अतिगरीब घरापुरती मर्यादित नाही, हे त्या घटनेने सांगितले होते. ते ऐकले जाण्यास बराच काळ लागला.

१८/
मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला मान्यता मिळाली. बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागू लागले आणि पेरणीचा खर्च वाढला. शेती मात्र बहुतांश कोरडवाहूच राहिली. वाढत्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. पत्रकार पी. साईनाथ यांच्या वृत्तांतांमुळे ही गावे देशभरातील वाचकांना ठाऊक झाली होती.

१९/
याच सुमारास शासकीय दप्तरात दोन शब्द रुजले, ‘पात्र’ आणि ‘अपात्र’. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी जमिनीचा सातबारा, मान्यताप्राप्त संस्थेचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा यांचे पुरावे पाहिले जाऊ लागले. ज्याचे कर्ज सावकाराचे होते, जो दुसऱ्याची जमीन ठोक्याने कसत होता, जिच्या नावावर शेतच नव्हते, त्यांना शेतकरी ठरणेच अवघड होते.

२०/
येथे इतिहासाचे एक वर्तुळ दिसते. १८६० च्या दशकात साखळी घेऊन आलेल्या मोजणीदाराने सारा कोणाकडून वसूल करावा, एवढे ठरविण्यासाठी खातेदार निश्चित केला होता. शेतात राबते कोण, हे नोंदविणे त्याचे काम नव्हते. दीडशे वर्षांनी त्याच परंपरेतील कागद एखाद्या मृत्यूची गणना शेतकऱ्याचा मृत्यू म्हणून व्हावी की नाही, हे ठरवू लागला. वसुलीसाठी घडविलेले साधन मदतीचे माप बनले.

२१/
पाहुणे येत राहिले. २२ जुलै २००८ रोजी लोकसभेतील विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधी यांनी यवतमाळ जिल्ह्यातील जळका गावच्या शेतकरी विधवेचा उल्लेख केला आणि ते गाव बातम्यांत झळकले. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांनी याच जिल्ह्यातील दाभडी येथे ‘चाय पे चर्चा’ घेतली. पक्ष भिन्न होते. दोन्ही गावांनी पुढील अनेक वर्षे पत्रकारांच्या एकाच प्रश्नाला उत्तरे दिली. नेते येऊन गेल्यावर येथे काय बदलले?

२२/
२०१७ च्या पावसाळ्याअखेर कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक जणांचा बळी गेला. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांत स्वतःच्या शेतात फवारणारे शेतकरी होते, तसेच रोजंदारीवर पाठीवर पंप घेतलेले मजूरही होते. मजुराचा सातबारा नसतो. कापसाच्या इतिहासात तो आरंभापासून हजर आहे. दप्तरात मात्र तो बहुधा मृत्यूनंतरच येतो.

२३/
२०१७ पासून दरवर्षी १९ मार्च रोजी करपे कुटुंबाच्या स्मरणार्थ अनेक ठिकाणी एक दिवसाचा अन्नत्याग केला जातो. त्या दिवशी चिलगव्हाणला येणारे लोक गावाकडून काही मोजून नेत नाहीत, गावाला काही जाहीर करीत नाहीत. ते उपाशी बसतात आणि संध्याकाळी परत जातात.

२४/
अशा गावाचा इतिहास अभ्यासू इच्छिणाऱ्या तरुणाने बांधावरचे जुने दगड अवश्य पाहावेत, तलाठ्याकडील सातबारा अवश्य वाचावा. गाव नमुना सातमध्ये मालकाचे नाव मिळेल, बारामध्ये पिकाचे. त्यानंतर कार्तिकात, वेचणीच्या दिवसांत, ओटीत कापूस भरणाऱ्या बायांच्या रांगेशेजारी उभे राहून त्यांपैकी किती जणींची नावे त्या दोन्ही नमुन्यांत आहेत, ते मोजावे.