परदेश प्रवासातील मार्गदर्शिकेची निवड : मरे आणि बेडेकर

एकोणिसाव्या शतकात आगबोट व रेल्वेमुळे युरोपातील मध्यमवर्ग परदेश प्रवास करू लागला आणि छापील मार्गदर्शिकेची गरज निर्माण झाली. लंडनच्या जॉन मरे यांची युरोपविषयक मार्गदर्शिका इ.स. १८३६ मध्ये प्रसिद्ध झाली. कोब्लेंझचे प्रकाशक कार्ल बेडेकर यांनी तिचा आदर्श स्वीकारून प्रेक्षणीय स्थळांना तारांकने देण्याची पद्धत रूढ केली. परिणामी मार्गदर्शिकेची निवड म्हणजे काय पाहावे याचीच निवड ठरली. इ.स. १९४२ मध्ये जर्मनीने बाथ, यॉर्क, कँटरबरी इत्यादी ऐतिहासिक शहरांवर केलेले हवाई हल्ले ‘बेडेकर हल्ले’ म्हणून ओळखले गेले. डिसेंबर १९४३ मध्ये लाइपझिगवरील बॉम्बवर्षावात बेडेकर संस्थेचे कार्यालयही नष्ट झाले. वारशाची प्रतवारी करणारे ग्रंथ सत्तेच्या राजकारणापासून अलिप्त राहू शकत नाहीत, हेच यावरून स्पष्ट होते.