मोडेमला कडी कधी लागली?

जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलचं ‘डेटावन’ आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं ‘ट्रायबँड’ सुरू झालं आणि मराठी घरांतल्या टेलिफोनशेजारी मोडेम आणि स्प्लिटर येऊन बसले. आवाज तारेवरून 4 किलोहर्ट्झच्या आत जातो, इंटरनेट त्याच्या बरंच वरून. स्प्लिटर दोघांना वेगळं ठेवतो. त्यामुळे ‘फोन ठेव, मला नेट लावायचंय’ हे घरोघरचं भांडण मिटलं. सरकारी धोरणानुसार ब्रॉडबँडचा किमान वेग होता 256 केबीपीएस. तेव्हा तो भन्नाट वाटायचा.

भांडणाबरोबर एक नकळत मिळणारं संरक्षणही गेलं. व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हापासून डायल-अपवर मिनिटामिनिटाचे पैसे पडत. काम झालं की लोक लाइन तोडत. ब्रॉडबँडची लाइन मात्र कायम जोडलेली. त्यात बीएसएनएलच्या 500 रुपयांच्या योजनेत मध्यरात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड फुकट, म्हणून गाणी-सिनेमे लावून घर झोपी जायचं आणि कॉम्प्युटर रात्रभर उघड्यावर राहायचा.

तो काळ वाईट होता. ऑगस्ट 2003 मध्ये ‘ब्लास्टर’ आणि एप्रिल 2004 च्या अखेरीस ‘सॅसर’ हे वर्म जगभर पसरले होते. त्यांना ईमेल लागत नव्हता की कुणी कशावर क्लिक करणं लागत नव्हतं. दुरुस्ती न केलेलं विंडोज इंटरनेटला थेट जोडलेलं असणं, एवढंच पुरे होतं. पडद्यावर एक चौकट यायची, 60 सेकंद उलटे मोजले जायचे आणि मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचं. विंडोज एक्सपीत फायरवॉल पहिल्यापासून होता, पण बंद ठेवलेला! ऑगस्ट 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 पासून तो आपोआप चालू मिळू लागला. जुन्या सीडीवरून एक्सपी टाकलेल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.

घर उघडं राहणार की नाही, याचा खरा निर्णय मोडेम बसवताना व्हायचा. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकायचं, नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. मग लाइनचे दोन आकडे: बीएसएनएलसाठी व्हीपीआय 0, व्हीसीआय 35. त्यानंतरचा प्रश्न: ब्रिज की पीपीपीओई? ब्रिज ठेवलं तर मोडेम नुसता वाहक. कनेक्शन कॉम्प्युटर लावायचा आणि इंटरनेटचा जाहीर पत्ता थेट त्याच्यावर यायचा. पीपीपीओई निवडलं तर तो पत्ता मोडेमकडेच राहायचा, आतल्या मशीनला खासगी पत्ता मिळायचा आणि बाहेरून न बोलावता आलेली विचारणा मोडेमवरच अडायची.

या पद्धतीचं नाव नॅट. मे 1994 मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी ती मांडली, ती इंटरनेटवरचे पत्ते अपुरे पडतील या चिंतेने. घरांचं रक्षण हा तिचा मूळ हेतूच नव्हता. फायरवॉल तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या आणि विद्यापीठांच्या नेटवर्कची गोष्ट होती. 2000 नंतरच्या दशकात सामान्य घराचा सर्वांत मोठा आधार ठरली ती ही अनपेक्षित सोय. ब्रिज की पीपीपीओई, हा घराच्या सुरक्षेचा निर्णय आहे हे ग्राहकाला समजावून सांगायला हवं होतं.

महाराष्ट्रात सुरक्षा म्हणजे अँटिव्हायरस हे समीकरण पक्कं होतं. त्यात पुण्याच्या ‘क्विक हील’चा वाटा मोठा. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी ती कंपनी उभी केली. पण अँटिव्हायरस कॉम्प्युटर सांभाळतो, मोडेम नाही. हा फरक न ओळखणं पुढे महागात पडलं.

2016 मध्ये ‘मिराय’ या मालवेअरने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. जुलै 2017 मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम मालवेअरने बंद पाडले. कंपनीने पासवर्ड बदलण्याचं आवाहन केलं. त्या मोडेमवर कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ तसाच होता.

आता तांब्याची तार जाऊन फायबर आलं आहे आणि मोडेमच्या जागी नवा डबा बसला आहे. वायफायचा पासवर्ड बदलला म्हणजे डब्याचा बदलला असं होत नाही. ते दोन वेगळे आहेत. डब्याच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, फायरवॉल चालू आहे ना ते बघा आणि बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय गरज नसेल तर बंद करा.